तीन वह्या, तिन्ही अर्धवट. रोज रेखाटन करणाऱ्यांनो, तुमची वही पुढे सरकते कशी?

आरंभशूर

नमस्कार मंडळी. सदस्यनाम वाचून अंदाज आलाच असेल.

वय ४६. काम मुद्रितशोधनाचं. दिवसभर दुसऱ्यांचे ऱ्हस्व-दीर्घ आणि निसटलेले अनुस्वार पकडायचे, संध्याकाळी डोळे चोळत उठायचं. चित्रकला शाळेतच सुटली. मी काढलेला घोडा बघून वर्ग हसला होता, मीही हसले होते, आणि नंतर कधी घोड्याच्या वाटेला गेले नाही. चार वर्षांपूर्वी अचानक वाटलं की आपल्याला काढता यायला हवं. प्रदर्शनबिदर्शन काही नाही. समोर दिसतंय ते कागदावर ओळखू येण्याइतपत उतरलं की पुरे.

तेव्हापासून तीन वह्या झाल्या. पहिली जाड कागदाची, कापडी बांधणीची, हात लावायलाही भीती वाटावी अशी. तिची १४ पानं भरली. दुसरी त्यामानाने साधी, तिची ९. तिसरी खिशात मावणारी, कारण वही लहान असली की सवय लागते असं कुणीतरी सांगितलं होतं. तिची २२. पुढे सगळं कोरं. दर वेळी दोन-तीन आठवडे गाडी छान धावते, मग एक खाडा, मग दुसरा, मग वही पुस्तकांच्या ढिगाखाली जाते ती जातेच. कंटाळा नाही, आजारपण नाही, घरात कुणाची ना नाही. नुसतं थांबतं.

काढते काय? नळ, कात्री, चष्मा, उलटी पडलेली चप्पल, स्वतःचा डावा हात (उजवा कामात असतो म्हणून). कात्री बरी येते. कपाचं मात्र काहीतरी बिनसतं. तोंड गोल काढते, बूड सरळ काढते, आणि कप समोरून करवतीने कापल्यासारखा दिसतो. हात म्हणजे फुगवलेला हातमोजा. त्यात धंद्यामुळे नजर अशी झालीये की चित्र संपलं रे संपलं की फक्त चुका दिसतात. मनातल्या मनात समासात खुणा करत सुटते.

दोन विनंत्या. 'व्हॅन गॉगने २७ व्या वर्षी सुरुवात केली' हे सांगू नका. केली, पण त्यानंतर तो दिवसभर तेच करत होता, मला साडेदहा ते सहा प्रुफं असतात. आणि 'आवड असली की वेळ मिळतोच' हेही नको. वेळ मिळतो हो. वेळेचं दुखणं नाहीच हे.

तुमची वही पुढे सरकते कशी, एवढंच सांगा. आणि कपाचं काहीतरी.

एकच_पेन

खोडरबर घराबाहेर काढा. मी साधं बॉलपेन वापरतो. हात हलका ठेवला तर बॉलपेनसुद्धा पेन्सिलीइतकी फिकी रेघ देतं, आणि दाबलं की गडद. रेघ चुकली तर चुकू दे, तिच्या शेजारी दुसरी मारायची. चुकलेली रेघ कागदावर राहिली की निदान कळतं की आपल्याला हिच्या डावीकडे जायचंय. खोडली की पुन्हा अंधारात उडी, आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी. माझी पानाला दहा मिनिटं लागायची, त्यातली सहा खोडण्यात आणि कागदावरचा भुसा फुंकण्यात जायची.

कापडी बांधणीची वही कुणाला तरी भेट देऊन टाका.

शिस्तप्रिय

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. सगळ्या सबबी आहेत. सवय लागायला २१ दिवस लागतात. रोज १ तास, ठरलेली वेळ, ठरलेली जागा, एकही खाडा नाही. खाडा झाला की पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायचं. मी असंच व्यायामाचं केलं. इच्छाशक्ती असेल तर प्रश्नच उरत नाही.

आरंभशूर

@एकच_पेन, खोडरबर खरंच लपवून ठेवला. (नवऱ्याला सांगितलंय की मागितला तरी देऊ नकोस.)

@शिस्तप्रिय, दुसरी वही नेमकी याच पद्धतीने चालवली होती. दहाव्या दिवशी खाडा झाला. पुन्हा एकपासून मोजायचं होतं, ते मोजायला बसलेच नाही.

जुना_ड्राफ्ट्समन

ताई, मी ३१ वर्षं यंत्रांच्या सुट्या भागांचे आराखडे काढले. टी-स्क्वेअर, सेटस्क्वेअर आणि ४एच पेन्सिल, टोक सुईसारखं. त्या रेघेवरून पुढे कुणीतरी पोलाद कापणार, त्यामुळे रेघ हलली तर शिव्या. मग संगणक आला, मग निवृत्ती, आणि ५८ व्या वर्षी लक्षात आलं की पट्टी काढून घेतली तर मला टेबलावर पडलेला चष्मासुद्धा काढता येत नाही. तेव्हा तुमच्या कपाशी माझी जुनी ओळख आहे.

आधी तोच. तुमचं बूड सरळ येतं कारण टेबल सपाट आहे हे तुम्हाला माहीत आहे. तोंड वाटोळं येतं कारण ते वाटोळं आहे हेही माहीत आहे. दोन्ही माहिती खरी, आणि चित्राला दोन्ही निरुपयोगी. एक करा. काचेचा पेला घ्या, पाण्याने अर्धा भरा. आता त्यात तीन वर्तुळं आहेत: काठ, पाणी, तळ. पेला सरळ धरून हळूहळू वर उचला, काठ डोळ्यांच्या पातळीत येईपर्यंत. पातळीत आला की काठाचं वर्तुळ संपतं, नुसती आडवी रेघ उरते. त्याच वेळी पाण्याचं वर्तुळ थोडं उघडं दिसतं, तळाचं आणखी उघडं. डोळ्यांच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते उघडतं. म्हणजे टेबलावरच्या कपाच्या बुडाचा बाक तोंडापेक्षा जास्त हवा, कमी नव्हे. हे मला दहा वेळा सांगून कळलं नसतं, पेला उचलल्यावर अर्ध्या मिनिटात कळलं. आणि लंबवर्तुळाची दोन टोकं बदामासारखी टोकदार करू नका, ती नेहमी गोलाईनेच वळतात. मागची न दिसणारी बाजूही फिक्या रेघेने पुरी काढा, म्हणजे पुढचा बाक आपोआप जागेवर येतो.

हातासाठी दोन गोष्टी. एक, बोटं काढू नका, बोटांमधल्या फटी काढा. फटीला नाव नसतं, त्यामुळे ती कशी दिसायला हवी याबद्दल डोकं आगाऊपणा करत नाही. दोन, आठवड्यातून एकदा कागदाकडे अजिबात न बघता काढा. हाताच्या कडेवरून मुंगी चालली आहे असं समजा, डोळा मुंगीवर, पेन तिच्या चालीने, आणि न उचलता. चित्र भयानक येतं. ते बघायचं नसतंच. त्या तीन मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी किती वळणं आहेत ते पहिल्यांदा दिसतं, कमाई तेवढी.

पेन्सिलीबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो, राहवत नाही. पेन्सिलीत शिसं नसतं, ग्रॅफाइट आणि चिकणमाती असते. हे मिश्रण भाजायची पद्धत कॉन्ते नावाच्या फ्रेंच माणसाने १७९५ मध्ये पेटंट केली. माती जास्त तर कठीण, म्हणजे एच. ग्रॅफाइट जास्त तर मऊ आणि काळी, म्हणजे बी. मी सवयीने ४एच घेऊन रेखाटायला बसायचो आणि कागदावर चरे पडायचे, काळं काही व्हायचंच नाही. २बी घेतली त्या दिवशी अर्धं दुखणं गेलं. बारा पेन्सिलींचा डबा लागत नाही, २बी आणि फार तर एक ६बी.

तुम्ही व्हॅन गॉगवर बंदी घातली आहे, तरी एक वाक्य मागून घेतो. त्याने एक लाकडी चौकट बनवून घेतली होती, तिच्यात दोरे ताणलेले, आणि त्यातून बघून तो प्रमाणं जुळवायचा. १८८२ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रांत त्याने तिचं वर्णन केलंय. सांगायचं कारण, नुसत्या डोळ्याने जमत नाही म्हणून शरमायचं काही नाही. पुठ्ठ्यात चौकोनी खिडकी कापा, दोन दोरे उभे-आडवे चिकटवा. किंवा पेन्सिल धरून हात कोपरात न वाकवता पुरता ताणा, एक डोळा मिटा आणि नखाने माप घ्या: कपाची रुंदी उंचीत किती वेळा बसते? कोपर वाकलं की माप खोटं.

आता मूळ दुखणं. तुम्ही पानं मोजून सांगितलीत: १४, ९, २२. पण त्या शेवटच्या पानांवर काय आहे ते नाही सांगितलंत. तिन्ही वह्या बाहेर काढा. प्रत्येकीचं शेवटचं भरलेलं पान बघा आणि त्याच्या आधीची तीन-चार बघा. मला एक संशय आहे. आत्ता सांगत नाही, सांगितला तर तुम्ही तोच शोधत बसाल.

रात्रपाळी

मी नर्स आहे. माझं रेखाटन रात्री तीनच्या आसपास होतं, मिळाली तर सात मिनिटं. पाठकोरे कागद घडी घालून खिशात असतात, वही नाही. रुग्णांची चित्रं कधीही काढत नाही, तो नियम माझा मीच घातला आहे. काढते ते फक्त किल्ल्यांचा जुडगा.

गंमत नाही, खरंच. अकरा किल्ल्या, एक कडी, एक प्लास्टिकचा बिल्ला. टेबलावर टाकला की दर वेळी वेगळा पडतो. पहिले आठ-दहा दिवस मी किल्ली काढत होते, म्हणजे एक गोल आणि खाली दाते, लहान मुलांच्या पुस्तकातल्यासारखी. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी सावल्या दिसायला लागल्या, किल्ल्या बाजूलाच राहिल्या. आता दीड वर्ष झालं, अजून जुडगा संपलेला नाही. 'आज काय काढू' हा प्रश्न गेला की सात मिनिटं पुरतात. माझी निम्मी वेळ त्या प्रश्नातच जायची.

@शिस्तप्रिय, २१ दिवसांचं पक्कं नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात ९६ जण होते. जेवणाबरोबर फळ खाणं, धावायला जाणं असल्या सवयी त्यांनी स्वतःला लावून घ्यायच्या होत्या. गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, पण माणसामाणसात फरक १८ पासून २५४ पर्यंत. आणि मला धीर देणारा भाग असा की मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं काही बिघडत नव्हतं. ड्युट्या बदलल्या की माझे चार-चार दिवस जातात. पुन्हा एकपासून मोजत बसले असते तर आजही पहिल्याच दिवसावर असते.

आरंभशूर

काका, वह्या काढल्या. रात्री साडेअकरा वाजता जमिनीवर पसरून बसले होते, नवऱ्याला वाटलं काहीतरी हरवलं.

पहिली वही, पान १४: नळ. त्यावर खिडकीचं वाकडं प्रतिबिंब पडलंय आणि ते चक्क चकाकतंय. दुसरी, पान ९: उघडी कात्री. दोन्ही कड्या वेगवेगळ्या कोनात, आणि दोन्ही बरोबर. तिसरी, पान २२: चष्मा धरलेला डावा हात. हातमोजा नाही, हात. अंगठ्याचं नखसुद्धा वळलंय.

तिन्ही वह्यांमधलं सगळ्यात चांगलं चित्र शेवटचं आहे. त्याच्या आधीची तीन-चार यथातथाच.

मी इतकी वर्षं समजत होते की वाईट चित्रांना कंटाळून थांबते. आता आठवतंय, कात्रीनंतर मी दोन दिवस वही उघडून नुसती बघत होते. पुढचं पान उलटायचं जिवावर आलं होतं, कारण त्यावर जे काही येईल ते कात्रीपेक्षा वाईटच येणार होतं. तुमचा संशय हाच होता का?

जुना_ड्राफ्ट्समन

हाच. माझी पक्कड होती.

दुसऱ्या वहीत, साधारण विसाव्या पानावर, एक पक्कड अशी उतरली की मीच चाट पडलो. वही आठवडाभर टेबलावर उघडी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवून झाली. मग पाच महिने काही नाही. वाईट चित्र आलं की माणूस चिडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो. चांगलं आलं की त्याची राखण करतो.

कचेरीत हे कधी झालं नव्हतं, त्याचा मी पुष्कळ विचार केला. तिथे आराखडा 'छान' नसायचा. बरोबर असायचा किंवा परत यायचा. बरोबर असला तर नळकांड्यात गुंडाळून खाली जायचा आणि बोर्डावर पुढच्या भागाचा कागद चढायचा, बहुतेक वेळा त्याच तासात. कौतुक करायला कागद समोर उरायचाच नाही.

तेच घरी करून बघितलं. चित्र चांगलं येवो वा वाईट, उठण्याआधी पान उलटायचं आणि पुढच्या पानावर काहीतरी सुरू करून ठेवायचं. चार रेघा, एखादं लंबवर्तुळ, किंवा समोरच्या वस्तूची नुसती उंची-रुंदी. म्हणजे उद्या कोरं पान समोर येत नाही, घाणेरडं केलेलं पान येतं. त्याची भीती वाटत नाही. दुसरं, महिना उलटल्याशिवाय चित्र कुणाला दाखवायचं नाही. हे मला जड गेलं, मी खोटं बोलणार नाही. नातवाला दोनदा चोरून दाखवलं.

आणि चौथी वही घेऊ नका. तिसरीचंच पान २३ उघडा.

गप्प_वाचक

बरेच दिवस नुसता वाचतोय, आज लिहितो. माझं अगदी उलटं आहे. मी चेहरे काढतो आणि ते इतके वाईट येतात की आठ दिवस पेन्सिल उचलवत नाही. डोकं नेहमी वरून चपटं दिसतं. त्यावर काही?

एकच_पेन

@गप्प_वाचक, डोळे कुठे काढता? बहुतेक जण कपाळाला लागून काढतात, कारण चेहऱ्यात बघण्यासारखं जे काही आहे ते डोळ्यांपासून खाली आहे असं आपल्याला वाटतं. मोजून बघा, टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीत डोळे जवळपास निम्म्यावर असतात. आरशासमोर पट्टी घेऊन उभं राहा, विश्वास बसणार नाही. वरचं अर्धं डोकं कपाळ आणि केस, आणि तेच आपण खाऊन टाकतो.

बाकी तुम्हाला महिनाभर चेहरे बंद. कप वाकडा आला तर कपाला वाईट वाटत नाही आणि बघणाऱ्यालाही कळत नाही. चेहरा दोन मिलिमीटर चुकला तरी दुसराच माणूस दिसतो. सुरुवातीलाच इतक्या कडक परीक्षकासमोर कशाला बसायचं?

शिस्तप्रिय

किल्ल्यांचा जुडगा काढून बघितला. चाळीस मिनिटं लागली आणि एकच किल्ली झाली. तीही माझ्या घराच्या कुलपाला लागणार नाही.

एक तासाचं म्हणणं मागे घेतो. बाकीचं नाही.

रात्रपाळी

@शिस्तप्रिय, दात्यांपासून सुरुवात केलीत ना? सगळे करतात. आधी पूर्ण जुडग्याचा बाहेरचा आकार घ्या, एखादा दगड असल्यासारखा. किल्ल्या शेवटी.

आरंभशूर

सहा आठवडे झाले, हिशेब द्यायला आले आहे.

तिसऱ्याच वहीचं पान ५१ चालू आहे. खाडे १४. त्यातले पाच सलग, एका पाठ्यपुस्तकाची प्रुफं घाईत आली तेव्हाचे. त्यानंतर वही उघडली तेव्हा पानावर आधीच अर्धी बादली होती, सहा दिवसांपूर्वी सुरू करून ठेवलेली. ती पुरी करायला बसले आणि खाडा संपल्याचं नंतर लक्षात आलं. काका, दंडवत.

पेला उचलून बघितला. रात्रीच्या जेवणानंतर सगळ्यांनी उचलून बघितला, पाणीही सांडलं. त्या रात्रीच्या कपाला पहिल्यांदा बूड आलं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. वस्तू उलटी ठेवून किंवा चित्र उलटं धरून काढा, हा सल्ला मी पूर्वीही ऐकला होता आणि मला तो चमत्कारिक वाटायचा. गेल्या महिन्यात एका लांबलचक मजकुरावर काम करताना मी आमच्या धंद्यातली जुनी युक्ती करत होते: शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत यायचं. सरळ वाचलं की अर्थ लागतो, आणि अर्थ लागला की डोळा शब्द गिळत जातो. 'परिस्थिती'तली दुसरी वेलांटी पहिली असली तरी आपण 'परिस्थिती'च वाचतो, कारण ती तिथे आहे हे माहीत असतं. उलटं वाचलं की शब्दाचा अर्थ गळून पडतो, उरते नुसती अक्षरांची रांग, आणि चूक टाचणीसारखी टोचते. वीस वर्षं हे करतेय. आणि त्या दुपारी, मध्येच, डोक्यात प्रकाश पडला की चप्पल उलटी काढायला सांगतात ते याचसाठी! 'चप्पल' हा शब्द गळून पडावा म्हणून. काका म्हणाले होते की फटीला नाव नसतं, तेही हेच. माझ्याच धंद्यातली गोष्ट मला दुसऱ्याच्या दारातून आत यावी लागली.

मग दुसरीही आणली. आमच्याकडे मजकूर जुळवताना कुणी खुणा करत नाही. आधी जुळणी, मग पहिलं प्रूफ, मग दुसरं. मी चित्र काढता काढताच प्रूफ तपासत होते, म्हणून रेघ पुढे जाईना. आता काढते त्या दिवशी तपासायचं नाही. दुसऱ्या दिवशी लाल पेन घ्यायचं, आणि कालच्या पानाच्या समासात जास्तीत जास्त तीन खुणा, आमच्याच धंद्यातल्या. 'जागा वाढवा' (कान आणि डोळा यांच्यात). 'काढून टाका' (कपाची दुसरी सावली, जी मी मनाने घातली होती). 'उलटापालट' (मधलं बोट आणि अनामिका, लांबी एकमेकींची लागली होती). तीनच खुणा म्हटल्यावर मोठ्या चुका आधी निवडाव्या लागतात. पूर्वी मी नखाच्या चकाकीवर कुढायची आणि अख्खा पंजाच लहान आलाय हे दिसायचंच नाही.

पान ३७ चांगलं आलंय. चहाची किटली. ते आलं तेव्हा धडधडलं, कारण ओळखीची जागा होती. लगेच पान उलटलं आणि ३८ वर बादलीची उंची-रुंदी टाकून दिवा घालवला. कुणाला दाखवलं नाही. अजून तीन आठवडे दाखवणार नाही. नवऱ्याने खोडरबर कुठे ठेवलाय ते त्यालाच आठवत नाही.

आता तक्रार. ३८ पासून बादलीच चालू आहे, रात्रपाळींच्या जुडग्यासारखी. आतापर्यंत डझनाहून जास्त बादल्या. काठ जमतो, बूड जमतं, कडी मात्र मेली जमत नाही. उभी धरली की पिशवीच्या पट्ट्यासारखी दिसते, बाजूला पडलेली काढली तर बादलीला मिशी फुटल्यासारखी. आजच्या पानाचा फोटो टाकते आहे. आजच काढलंय, महिना झालेला नाही, पण चांगलं नाही म्हणून नियम मोडत नसावा. बघता का कुणी?

रात्रपाळी

मिशी! आता मला दुसरं काही दिसेना.

जुना_ड्राफ्ट्समन

नियम मोडत नाही.

कडी तुम्ही काठातून काढताय. ती काठातून निघत नाही, कानांतून निघते. काठाला समोरासमोर दोन कान असतात, त्यांत ती फिरते. आधी ते दोन कान काढा. दोन्हींना जोडणारी एक फिकी रेघ मारा, ती काठाच्या लंबवर्तुळाच्या जवळपास मधून गेली पाहिजे. तुमच्या फोटोत ती मधून जात नाही, तुमचे दोन्ही कान अलीकडच्या अर्ध्यातच आलेत, म्हणून कडी पुढे लोंबते. रेघ आली की कडीचा सगळ्यात लांबचा बिंदू ठरवा. कडी उभी असेल तर तो त्या रेघेच्या मध्यावर बरोबर वर, आडवी पडली असेल तर काठाच्या जरासा बाहेर. मग कानापासून त्या बिंदूपर्यंत आणि तिथून दुसऱ्या कानापर्यंत, एका दमात.

आणि पलीकडच्या कानाची आतली बाजू दिसते, बाहेरची नाही. तुम्ही बाहेरची काढली आहे. उद्या लाल पेन घ्याल तेव्हा ही खूण पहिली करा.